‘अनपेक्षित’ कोणासाठी? : जलसहलींच्या अपघातकथनाचा विचार

१

जलसहलीचा अपघात सांगणाऱ्या कथनाची घडण बहुधा तीन टप्प्यांची असते. आरंभी माणसे निघतात, मध्ये ती रमतात आणि अखेरीस काहीतरी ओढवते. निघणे आणि रमणे या क्रिया माणसांच्या आहेत. ओढवणे ही मात्र कोणाचीच क्रिया नाही. पहिल्या दोन टप्प्यांना तिसऱ्याशी जोडणारा सांधा म्हणजे ‘अचानक’, ‘एकाएकी’, ‘काही कळायच्या आत’ यांसारखी क्रियाविशेषणे. वृत्तपत्रातील बातमी असो, बचावलेल्या माणसाची हकिकत असो की कादंबरीतील प्रसंग, हा सांधा इतका सवयीचा झालेला आहे की तो कथनाने घातला आहे, घटनेत तो नव्हता, याचा विसर पडतो. घटनेला ‘अचानक’ माहीत नसते. होडीत किती माणसे चढली, भरती कोणत्या तिथीची होती, वारा कोठून होता, या गोष्टी घटनेपूर्वी तेथे असतातच. ‘अचानक’ असते ते त्या न पाहणाऱ्याच्या जाणिवेत.

अनपेक्षितता हा घटनेचा गुणधर्म नसून दृष्टिस्थानाचा गुणधर्म आहे, एवढे म्हटले तर त्यात फारसे नवे नाही. परंतु या विधानातून निघणारा पुढचा प्रश्न मराठी समीक्षेने पुरेशा गांभीर्याने घेतलेला दिसत नाही. अपघाताच्या कथनात सहलकऱ्याचेच दृष्टिस्थान प्रमाण का मानले जाते? आणि ते मानले गेल्यामुळे कथनातून नेमके काय गळून पडते? जे गळून पडते त्याच्या जागी ‘नियती’, ‘काळ’, ‘दैव’ ही पदे येऊन बसतात, आणि कथन पूर्ण झाल्याचा भास होतो. हा भास वाङ्मयीन आहे. त्याचे परिणाम मात्र वाङ्मयापुरते राहत नाहीत.

या प्रश्नाकडे पाहण्यास भिवंडी हे ठिकाण सोयीचे आहे. आज या शहराचे नाव घेताच यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांपुढे येतात. पाणी येत नाही. तरीही गावातून कामवारी नदी वाहते, आणि तालुक्याची दक्षिण व पश्चिम बाजू उल्हास नदीच्या खाडीने वेढलेली आहे. ही खाडी वसईपाशी समुद्राला मिळते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा प्रदेश शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि त्यानंतर याच खाडीच्या आश्रयाने मराठी आरमाराच्या बांधणीस आरंभ झाला, असे इतिहासकार सांगतात. म्हणजे जे गाव एकेकाळी पाण्याच्या वाटेने जगाशी जोडलेले होते, तेच पुढे रस्त्याच्या वाटेने जोडले गेले आणि पाण्याकडे त्याची पाठ झाली. कशेळी, काल्हेर, कोन या बाजूच्या आगरी-कोळी वस्त्यांत पाण्याची भाषा टिकली; शहराच्या भाषेतून ती गेली. अशा शहरातला माणूस पाण्याकडे जातो तो सहलीला. ज्याचे पोट पाण्यावर आहे तो पाण्यावर सहलीला जात नाही. ‘सहल’ या संकल्पनेतच पाण्याशी तुटलेले नाते गृहीत धरलेले असते, आणि अपघातकथनातील ‘अनपेक्षित’ या तुटलेपणातून जन्माला येते.

२

मराठी लोकस्मृतीतील सर्वांत मोठा जलापघात म्हणजे १७ जुलै १९४७ रोजी बुडालेली ‘रामदास’ ही आगबोट. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघालेली ही बोट तासाभराच्या आतच काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईच्या इतक्या जवळ घडलेली घटना मुंबईला कळायला दुपार उलटून गेली. ‘रामदास’वरील सारेच प्रवासी सहलीला निघालेले नव्हते, बरेचसे गावी, घरी चाललेले होते. तरीही नंतरच्या सांगण्यात ही बोट सुटीच्या, सणाच्या, खाण्यापिण्याच्या उत्साहाने भरलेली दिसते. याचे कारण तिथी. तो दिवस आषाढी अमावास्येचा होता.

‘रामदास’च्या बहुतेक कथनांत अमावास्या प्रवेश करते ती अशुभाचे चिन्ह म्हणून. अमावास्येला निघू नये, निघाले, आणि घडू नये ते घडले, असा हा चिन्हांचा क्रम आहे. येथे अमावास्या आणि अनर्थ यांच्यात कार्यकारणसंबंध सांगितलेला नाही, केवळ सूचित केलेला आहे. आणि सूचित असल्यामुळेच तो खोडून काढता येत नाही. परंतु याच शब्दाचा खाडीकाठच्या भाषेत वेगळा अर्थ आहे. तेथे अमावास्या आणि पौर्णिमा म्हणजे उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. अमावास्येला पाणी अधिक चढते, अधिक उतरते, आणि चढउतार मोठा असल्याने त्याचा ओढही अधिक असतो. यात शुभाशुभ काही नाही. मोजता येईल असे ज्ञान आहे. एकाच शब्दाचे दोन अर्थ दोन भाषिक समूहांत आहेत, आणि कथनाने त्यांतला एक निवडला आहे.

दुसरा तपशील याहून बोलका आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच खुल्या समुद्रात होड्या घालायच्या, हा कोळ्यांचा संकेत सर्वश्रुत आहे. सामान्य वर्षी आषाढी अमावास्या आणि नारळी पौर्णिमा यांत पंधरवड्याचे अंतर असते. १९४७ साली मात्र श्रावण अधिक होता. त्यामुळे नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे अपघातानंतर सुमारे दीड महिन्याने आली. पंचांगातली अमावास्या अशुभ म्हणून आवर्जून सांगणाऱ्या कथनांत त्याच पंचांगातला अधिक महिना क्वचितच भेटतो. ‘दिवस वाईट होता’ हे वाक्य राहते. ‘समुद्र अजून खुला झालेला नव्हता’ हे वाक्य राहत नाही. पहिले वाक्य कोणालाही प्रश्न विचारत नाही. दुसरे वाक्य विचारते : मग बोट का सोडली?

या संदर्भात ‘जलसमाधी’ या शब्दाचा विचार टाळता येत नाही. बुडालेल्या बोटीला ‘जलसमाधी मिळाली’ असे मराठीत सहज लिहिले जाते. मुळात समाधी घेतली जाते. ती घेणारा पूर्ण जाणिवेने, स्वेच्छेने देह ठेवतो. ‘घेणे’च्या जागी ‘मिळणे’ आले की स्वेच्छा नाहीशी होते, पण पावित्र्य मागे उरते. ज्यांनी काहीच निवडले नव्हते अशा माणसांच्या मरणाला निवृत्तीचा आणि पूर्णत्वाचा स्पर्श दिला जातो. ‘रामदास’च्या बाबतीत हा शब्द आणखी खोल रुजला, कारण बोटींची नावेच संतांची होती. लोकांत ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्या स्वदेशी कंपनीची ही बोट होती, तिचीच ‘तुकाराम’ ही बोट ‘जयंती’ या दुसऱ्या बोटीसह नोव्हेंबर १९२७ मध्ये एकाच दिवशी बुडाली होती. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तरून वर आल्या, ही ज्या नावाशी निगडित आख्यायिका, त्या नावाची बोट तरली नाही. या योगायोगावर भावपूर्ण वाक्ये रचणे सोपे आहे. परंतु संताचे नाव, समाधीचा शब्द आणि अमावास्येची तिथी या तिन्हींची जुळणी झाली की कथन इतके भरीव होते की त्यात चौकशीला जागाच उरत नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे.

३

अशा जुळणीचे आकर्षण पाश्चात्त्य काव्यशास्त्राने फार पूर्वी ओळखले होते. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त मितिसच्या पुतळ्याचे उदाहरण दिले आहे. मितिसच्या मृत्यूला कारण झालेल्या माणसाच्या अंगावर आर्गॉस येथे मितिसचाच पुतळा कोसळतो आणि तो मरतो. ॲरिस्टॉटलचे म्हणणे असे की केवळ योगायोगाने घडलेल्या घटनांतही, ज्यांत काही हेतू असावा असे वाटते, त्या अधिक विस्मयकारक ठरतात. येथे ‘वाटते’ हे पद निर्णायक आहे. पुतळ्याला हेतू नसतो. विस्मय हा पाहणाऱ्याचा असतो. कथानक या विस्मयाचा उपयोग करून घेते.

रोलाँ बार्थ यांनी १९६२ मधील एका निबंधात वृत्तपत्रांतील किरकोळ घटनांच्या बातम्यांची संरचना तपासली आणि तीत कार्यकारण व योगायोग असे दोन संबंध दाखवले. अशा बातमीत कारण असतेच. पण ते अपेक्षेहून वेगळे, क्षुल्लक किंवा बगल देणारे असते. योगायोगात दोन दूरची टोके नेमकी एकत्र येतात. हर्षाच्या शिखरावर असतानाच शोक, हे त्याचे नेहमीचे रूप. या दोन्हींतून बुद्धिगम्य आणि बुद्धीपलीकडचे यांच्यामधली एक संदिग्ध जागा तयार होते, आणि ती संदिग्धता जपणे हेच अशा बातमीचे सांस्कृतिक कार्य ठरते. जलसहलीच्या अपघाताची बातमी हे या विवेचनाचे जणू आदर्श उदाहरण आहे. ‘सहलीच्या आनंदावर विरजण’, ‘सहल अखेरची ठरली’, ‘होत्याचे नव्हते झाले’ ही मराठी वृत्तलेखनातील ठरीव वाक्ये दोन टोकांची ही गाठ मारण्यासाठीच घडलेली आहेत. आनंद जितका गडद रंगवावा तितका अनर्थ ‘नेमका’ वाटतो. वस्तुतः माणसे आनंदात असणे हे होडी उलटण्याचे कारणही नाही आणि तिच्याशी विसंगतही नाही. सहल म्हटल्यावर ती आनंदात असणारच.

बार्थ यांच्या विवेचनाला येथे एक पुरवणी जोडणे आवश्यक आहे. ही संदिग्धता सर्वांना सारखी उपकारक नसते. ती शोक करणाऱ्याला आधार देते हे खरे. पण ज्याने उत्तर द्यायचे आहे त्यालाही ती आडोसा देते.

४

हा आडोसा भाषेच्या साध्या पातळीवर कसा उभा राहतो, हे क्रियापदांतून दिसते. मराठीत ‘बुडणे’ आणि ‘बुडवणे’, ‘उलटणे’ आणि ‘उलटवणे’ असा अकर्मक-प्रयोजक भेद ठळक आहे. पैशाच्या व्यवहारात मराठी भाषक हा भेद कधीच विसरत नाही. ‘पैसे बुडाले’ आणि ‘पैसे बुडवले’ या दोन वाक्यांतले अंतर अडाणी माणसालाही कळते, आणि दुसरे वाक्य उच्चारताना तो नाव घेतो. पाण्याच्या बाबतीत मात्र होडी नेहमी ‘उलटते’, माणसे नेहमी ‘बुडतात’. ज्या भाषेने कर्जासाठी कर्ता राखून ठेवला, तिने जिवासाठी तो राखला नाही.

कर्ता अगदीच टाळता येत नाही तेव्हा तो प्रवाशांतच शोधला जातो. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची होडी उलटली. सुमारे चाळीस विद्यार्थी होडीत होते, आणि तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. या घटनेच्या वृत्तांतांत छायाचित्र काढण्यासाठी मुले एका बाजूला गेली, हा तपशील ठळकपणे आला. सत्तर वर्षांपूर्वीच्या ‘रामदास’च्या हकिकतींतही लाट येताच घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, असेच सांगितले जाते. ‘एका बाजूला जाणे’ हे या कथनप्रकाराचे आशयसूत्रच बनले आहे. ते खोटे आहे असे नव्हे. माणसे एका बाजूला गेली की होडी कलते, हे भौतिक सत्य आहे. पण किती कलावे आणि कलल्यावर परत सरळ व्हावे की नाही, हे तिच्या बांधणीवर, तिच्यातील भारावर आणि तो भार किती उंचीवर आहे यावर ठरते. माणसे जितकी अधिक आणि जितकी वर, तितका गुरुत्वमध्य वर जातो, आणि सरळ होण्याची होडीची शक्ती तितकी घटते. त्या टोकाला पोचलेल्या होडीला निमित्त कोणतेही पुरते : लाट, वळण किंवा दहा माणसांची हालचाल. निमित्त आणि कारण यांतला हा फरक मराठी भाषेने स्वतःच जपून ठेवला आहे. ‘निमित्तमात्र’ हा शब्द त्याचा पुरावा. तरीही अपघातकथन निमित्तालाच कारणाच्या आसनावर बसवते. मरणाऱ्याची अखेरची हालचाल हाच त्याचा अपराध ठरतो, आणि होडीत किती जणांना चढू दिले, कोणी दिले, हा धक्क्यावरचा प्रसंग कथनाच्या आरंभाआधीच संपून गेलेला असतो.

येथे रशियन रूपवाद्यांनी केलेला घटनाक्रम आणि कथनक्रम यांतील भेद उपयोगी पडतो. अपघाताचा घटनाक्रम होडीच्या बांधणीपासून, परवान्यापासून, हंगामापासून सुरू होतो. कथनक्रम सुरू होतो सकाळच्या उत्साहापासून. कथन जेथे सुरू होते तेथेच त्याने जबाबदारीची सीमा आखलेली असते.

५

वाङ्मयात या सीमेचे काय होते, हे पाहण्यासाठी दोन कादंबऱ्या शेजारी ठेवता येतील. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘नौकाडुबी’त (१९०६) लग्नाहून परतणारी नौका वादळात सापडते. शुद्धीवर आलेल्या रमेशला वाळूच्या पट्टीवर एक नववधू दिसते आणि तो तिला आपली पत्नी समजतो. ती असते दुसऱ्याच कोणाची. पुढची सारी कादंबरी या चुकीच्या ओळखीची आहे. नौका का बुडाली हा प्रश्न कादंबरीला पडत नाही, आणि तो न पडणे येथे दोषास्पदही नाही. रवींद्रनाथांना अपघात हवा आहे तो नात्यांची परीक्षा घेणारी परिस्थिती म्हणून. पण त्यामुळे नदीचा कोप ही निवेदनाची एक मान्य सोय होऊन बसते. ज्या कथनात अपघात हा केवळ आरंभबिंदू असतो तेथे त्याला आधीचा इतिहास नसतो.

ज्यूल व्हर्न यांच्या ‘दोन वर्षांची सुटी’ (१८८८) या कादंबरीत नेमके उलट घडते. मराठी बालवाचकांना व्हर्नची ओळख भा. रा. भागवतांनी करून दिली. त्या ओळखीत व्हर्न प्रामुख्याने विज्ञानाद्भुताचा लेखक म्हणून आला. या कादंबरीत विज्ञान जवळजवळ नाही. ऑकलंडमधील एका शाळेची मुले सुटीत जहाजातून किनाऱ्याची सफर करायला निघणार असतात. सकाळी निघायचे म्हणून ती रात्रीच जहाजावर येऊन झोपतात, आणि जाग येते तेव्हा जहाज दोर सुटून समुद्रात वाहत चाललेले असते. एका लहान खलाशी मुलाखेरीज जहाजावर दुसरा कोणी दर्यावर्दी नसतो. पुढे वादळ, निर्जन बेट आणि दोन वर्षांचा वनवास. वाचकाला दोर ‘सुटला’ एवढेच सांगितले जाते. बऱ्याच काळाने एक मुलगा कबुली देतो : दोर सुटला नव्हता, त्याने तो थट्टेने सोडला होता.

अकर्मक क्रियापदाचे प्रयोजक क्रियापदात झालेले हे रूपांतर हाच या कादंबरीचा नैतिक गाभा आहे. ज्या निवेदनाने ‘अनपेक्षित’ उभारले तेच निवेदन ते मोडून दाखवते, आणि वाचकाला मागे वळून आपल्या वाचनाकडे पाहायला लावते. ‘सुटला’ हा शब्द त्याने तपासला नव्हता. मित्रांच्या सहलीत हा प्रश्न विशेष टोकदार असतो, कारण तेथे कर्ता परका नसतो. तो सोबत जेवणारा, सोबत हसणारा असतो. तथापि व्हर्नच्या उत्तरातही एक पळवाट आहे. सारा अपराध एका मुलाच्या शिरावर येऊन ठेपतो, त्याच्या पश्चात्तापाने तो फिटतो. मुले जहाजावर असताना त्या रात्री ज्यांनी तेथे असायचे ते प्रौढ खलाशी किनाऱ्यावर होते, ही गोष्ट कादंबरी सांगते, पण तिच्याकडे परत येत नाही. म्हणजे कर्ता सापडला तरी तो सर्वांत दुबळा सापडला. डहाणूच्या वृत्तांतांतील ‘एका बाजूला गेलेली मुले’ आणि व्हर्नचा दोर सोडणारा मुलगा यांच्यातले साम्य दुर्लक्षिता येणार नाही.

६

अलीकडच्या काळात या कथनात एक नवा निवेदक आला आहे : सहलकऱ्याच्या हातातला कॅमेरा. ९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळच्या वेणा धरणात मित्रांची होडी उलटून अनेक तरुण बुडाले. त्याच्या थोडे आधी होडीतून त्यांनी फेसबुकवर थेट प्रक्षेपण केले होते. ते चित्रण आजही सहलीचेच आहे; अपघात त्यात नाही. पण नंतर पाहणाऱ्याला प्रत्येक हसण्यात पुढचे मरण दिसते. चित्रणात जे नाही ते पाहणारा त्यात घालतो, आणि त्याला पूर्वसूचना म्हणतो.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीच्या बाबतीत कॅमेऱ्याने वेगळे काम केले. इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची एक वेगवान नौका नियंत्रण सुटून या बोटीवर आदळली; पंधरा जणांचा मृत्यू झाला. बोटीवरील एका प्रवाशाने केलेल्या चित्रणात ती नौका वळणे घेत दूरवर धावताना आणि मग थेट जवळ येताना दिसते. चित्रण सुरू झाले ते गंमत म्हणून, आणि संपले तेव्हा ते पुरावा झाले होते. येथे ‘एका बाजूला जाणे’ हे सूत्र लागू पडत नव्हते. प्रवाशांची कोणतीही हालचाल आघाताला कारण नव्हती. म्हणूनच कदाचित या घटनेच्या चर्चेत चाचणी कोठे घ्यावी, बोटीवर परवानगीपेक्षा अधिक माणसे का होती, जीवरक्षक जाकिटे अंगावर का नव्हती, हे प्रश्न तुलनेने लवकर पुढे आले. आघाताचे कारण एक आणि हानीच्या व्याप्तीची कारणे दुसरी, असा विवेक करणे भाग पडले. प्रवाशांच्या दृष्टीने याहून अनपेक्षित काही असू शकत नाही. परंतु चाचणी ज्यांनी योजली त्यांच्या दृष्टीने ती नौका त्या वेळी त्या पाण्यात असणे योजनेचाच भाग होते. एकाच क्षणी एकाच पाण्यावर ‘अनपेक्षित’ आणि ‘नियोजित’ दोन्ही एकत्र नांदत होते. निवेदन कोणाच्या बाजूने करायचे, यावर त्याला नियती म्हणायचे की निर्णय, हे ठरते.

७

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. ज्याचा मित्र डोळ्यांदेखत गेला त्याला गुरुत्वमध्याचे गणित सांगावयाचे काय? ‘त्याचे तेवढेच होते’ हे वाक्य उच्चारूनच माणसे पुढचा दिवस काढतात. दैवाची भाषा ही केवळ अज्ञानाची भाषा नाही. ती शोकाची भाषा आहे, आणि शोकाला कर्ता नको असतो, कारण कर्ता शोधू लागले की बचावलेल्याला प्रथम आपलेच नाव आठवते : सहलीला चला असे कोण म्हणाले होते? दैव या नावाखाली माणूस स्वतःला वाचवत असतो, आणि ते त्याला नाकारण्याचा अधिकार समीक्षेला नाही.

आक्षेप मान्य करूनही भेद राखावा लागतो. शोक आणि चौकशी हे दोन वेगळे कथनप्रकार आहेत. शोकाचे कथन गेलेल्याला निरोप देते, चौकशीचे कथन पुढे जाणाऱ्याला वाट देते. पहिल्याची भाषा दुसऱ्याने उसनी घेतली की दोन्हींचा घात होतो. बातमीदार, इतिहासलेखक, स्मरणिकेचा संपादक हे जेव्हा शोकाकुलाच्या तोंडचे ‘काळाने घाला घातला’ आपल्या वाक्यात वापरतात तेव्हा ते सहानुभूती दाखवत नसतात. आपले काम टाळत असतात. उलट चौकशीच्या अहवालाची कोरडी भाषा ही माणसांच्या मरणाची एकमेव नोंद उरली, तर तोही अन्यायच. वाङ्मयाचे सामर्थ्य असे की दोन्ही स्वर एका संहितेत नांदवणे त्याला शक्य असते. ‘रामदास’ बुडाल्यावर अवघ्या चार आठवड्यांत देश स्वतंत्र झाला, आणि त्या उत्सवाखाली ही घटना झाकली गेली. तिचे असे दुहेरी कथन मराठी कादंबरीला अजूनही आव्हान देत उभे आहे.

असे कथन कोणाच्या भाषेतून शक्य होईल, याचा एक संकेत ‘रामदास’च्या हकिकतींतच आहे. मुंबईकडे मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी मासळी पाण्यात टाकून माणसे होड्यांत घेतली, असे त्यांत सांगितले जाते. या साऱ्या हकिकतीत बोट उलटते, माणसे बुडतात, वेळ भरते. काही ‘करतात’ ते फक्त कोळी. टाकली, ओढली, घेतली ही सकर्मक क्रियापदे त्यांच्याच वाट्याला येतात. ज्यांच्याजवळ पाण्यासाठी शब्द होते त्यांच्याजवळच कृती होती, हा केवळ व्याकरणाचा योगायोग नव्हे.

भिवंडीच्या खाडीत आजही दिवसातून दोनदा भरती येते, अमावास्येला ती अधिक चढते. काठावरच्या वस्तीत तिला उधाण म्हणतात. शहरात तिला नाव नाही. नाव नसलेली गोष्ट आली की ती अचानक येते. मराठी गद्याने उधाण, भांग, ओढ, हंगाम हे शब्द निवेदकाच्या तोंडी आणले, स्थानिक रंगासाठी पात्राच्या संवादात ठेवून दिले नाहीत, तर सहलीची कथा वेगळ्या ठिकाणी सुरू होईल. ती सकाळच्या उत्साहापासून सुरू होणार नाही. ती धक्क्यावर सुरू होईल, जेथे होडी भरत आलेली आहे, आणि कोणीतरी, ज्याला नाव आहे, आणखी काही जणांना आत घेतो आहे.